विद्यापीठाचं म्युझियम पहिल्यांदा बघायला निघालाय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांसाठी

माझ्या मावसबहिणीची मुलगी यंदाच डिग्रीच्या पहिल्या वर्षाला गेलीय. तिनं परवा मला सरळ विचारलं, "मावशी, तू पिशवी घेऊन सारखी त्या म्युझियमला जातीस, तिथं दिवसभर काय करूलालीस गं?" मी म्हटलं चल की एकदा. तर म्हणाली मला चित्रातलं काय कळत नाही, आणि तिथल्या माणसानं काही विचारलं तर? हे दोन प्रश्न मला आजवर इतक्या जणांनी विचारलेत की म्हटलं एकदाच बसून लिहून टाकावं. मी स्वतः कॉमर्सवाली, शहापूरला साडीच्या दुकानात हिशेब बघते, आर्टचं शिक्षण शून्य. त्यामुळं इथं जे आहे ते चुका करून शिकलेलं आहे.

आधी म्युझियमचा सीझन म्हणतात तो काय प्रकार असतो ते. बाहेरच्या देशात विद्यापीठाच्या आर्ट म्युझियमचा सीझन म्हणजे कॉलेज सुरू झालं की एक प्रदर्शन उघडणार, काही महिन्यांनी ते उतरवून दुसरं लावणार, मधनंमधनं व्याख्यानं, वर्कशॉप, आणि सगळ्याचं छापील कॅलेंडर. असलं कॅलेंडर आपल्या घरी येईल म्हणून वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. आपल्या भागात विद्यापीठाची म्युझियमं आहेत, कार्यक्रमही होतात, पण एक नोटीस डिपार्टमेंटच्या बोर्डावर, एक पेपरात आतल्या पानावर चार ओळीत, एक कुणाच्या तरी व्हॉट्सअॅप स्टेटसला, असं विखुरलेलं असतं. म्हणजे सीझन आपणच जोडायचा. मी दिवाळी ते उन्हाळ्याची सुट्टी एवढा धरते, पावसात आपल्याकडं कुठं जायचं म्हणजे छत्री सांभाळण्यातच जीव जातो.

पहिलं काम: भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि पेन्सिल घ्या

१९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह, ह्या आठवड्यात म्युझियमं आणि इतिहासाची डिपार्टमेंटं काही ना काही करतात, कधी स्पेशल प्रदर्शन, कधी स्लाइड शो. डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो, २०१६ पासून चालू आहे, तो विद्यापीठाचा नाही पण चोर्ला घाटानं आपल्याला जवळ, म्हणून मी त्याला सीझनमधे धरते. जानेवारी-फेब्रुवारीत आर्ट कॉलेजांची वार्षिक प्रदर्शनं. मार्चमधे परीक्षा, काही नाही. १८ एप्रिल जागतिक वारसा दिन आणि १८ मे आंतरराष्ट्रीय म्युझियम दिन, हा १९७७ पासून जगभर पाळतात.

आता ज्या तारखांवर काट मारायची त्या. १ नोव्हेंबरला (तिकडं राज्योत्सव, आपल्याकडं काळा दिन) कुठलाच प्लॅन करू नका, का ते बेळगावच्या माणसाला सांगायला नको. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, तेव्हा सीमेवर जरा खुट्ट झालं की सगळ्यात आधी बसच बंद होते, म्हणून त्या आठवड्यात सकाळी स्टँडवर विचारल्याशिवाय कोल्हापूरला निघू नका. १९ फेब्रुवारीला महाराष्ट्रात शिवजयंतीची सुट्टी असते आणि आपल्याकडं नसते, आपण वैशाखात चित्ररथ काढणारी माणसं, त्यामुळं ती तारीख आपल्या डोक्यातच येत नाही आणि तिकडं जाऊन कुलूप बघायला मिळतं.

वाराचं गणित तर सगळ्यात महत्त्वाचं. साधी म्युझियमं बहुतेक सोमवारी बंद असतात. पण विद्यापीठाचं म्युझियम हे म्युझियम कमी आणि ऑफिस जास्त, तिथला माणूस विद्यापीठाचा नोकर, त्यामुळं रविवारी बंद, दुसरा आणि चौथा शनिवार बंद, सणाला बंद, आणि दुपारी जेवायला गेला की अर्धा तास बंद. महाराष्ट्रात सरकारी ऑफिसांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झालाय, म्हणजे तिकडं शनिवारचा नादच सोडा. मी पहिल्यांदा एका ठिकाणी (नाव नाही सांगत) गेले तो नेमका सेकंड सॅटर्डे होता. मावशीला बरोबर घेतलेलं, डब्यात मेथीचे पराठे, सगळा थाट, आणि गेटवरचा माणूस म्हणतो "इवत्त सूटी अदरी." आम्ही पराठे तिथंच कट्ट्यावर बसून खाल्ले आणि परत आलो. तेव्हापासून बुधवार किंवा गुरुवार, आणि सकाळी साडेदहा-अकराला दारात.

आणि आदल्या दिवशी फोन करा. विद्यापीठाच्या वेबसाइटवर डिपार्टमेंटचा लँडलाइन असतो, तो उचलत नाहीत असं म्हणून सोडू नका, अकरा ते साडेबाराच्या मधे उचलतात. विचारायचं एवढंच: उद्या उघडं आहे का, सगळी दालनं उघडी आहेत का, आणि बाहेरच्या माणसाला गेटवर ओळखपत्र लागतं का. दुसरा प्रश्न विसरू नका. नाहीतर एवढ्या लांब जाऊन "त्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडं आहे ते आज रजेवर" हे ऐकायला मिळतं.

कुठून सुरू करायचं

घरापासून. खरंच. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे ते जुनं जैन मंदिर, आपण लहानपणी सहलीत बघितली आणि विसरलो. ती एकदा परत जाऊन बघा, छताच्या दगडी कमळाखाली मान वर करून पाच मिनिटं उभं राहा. किल्ल्यातले १२०४ सालचे रट्ट राजांच्या काळातले दोन शिलालेख आज लंडनला ब्रिटिश म्युझियममधे आहेत. हे कळल्यावर मला आधी राग आला आणि मग लाज वाटली, कारण ते इथं असते तरी मी बघायला गेले नसतेच. चित्रांचंही तसंच. चित्रकार के. बी. कुलकर्णींनी बेळगावात चित्रमंदिर ही चित्रशाळा चालवली, चित्रकार रवी परांजपे त्यांच्या हाताखाली शिकले, आणि आपण म्हणतो आपल्या गावात आर्ट कुठं आहे.

मग धारवाड. कर्नाटक विद्यापीठाच्या कॅम्पसवर कन्नड संशोधन संस्था आहे, १९३९ मधे सुरू झालेली, म्हणजे विद्यापीठापेक्षा जुनी, आणि तिचं म्युझियम आहे. मूर्ती, कोरीव दगड, शिलालेख, जुनी हस्तलिखितं. कॅम्पसला पावटे नगर म्हणतात, ते डी. सी. पावटे कुलगुरूंच्या नावावरनं, आणि हे पावटे आपल्या गोकाक तालुक्यातले. अजून एक जवळचं सांगते, आपल्या वडगाव-माधवपूरला १९७० च्या दशकात ह्याच विद्यापीठाच्या लोकांनी खोदकाम केलं आणि सातवाहन काळातली वस्ती सापडली. आपण तिथनं रोज भाजी घेऊन येतो.

तिसरं कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, मुख्य इमारतीसमोर तो अश्वारूढ पुतळा आहे, कॅम्पसवर वि. स. खांडेकरांचं स्मृती संग्रहालय आहे. ते चित्रांचं नाही, लेखकाचं आहे, पण ज्ञानपीठ मिळालेला पहिला मराठी लेखक म्हणून एकदा बघाच. चित्रांसाठी मग शहरात जा, टाउन हॉलच्या म्युझियममधे आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत, राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे, मांडरे म्हणजे सिनेमातले चंद्रकांतच, त्यांचं पावडर शेडिंग, म्हणजे पावडर घासून काढलेली चित्रं, तिथं बघायला मिळतं. आणि दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात कुणाचं ना कुणाचं प्रदर्शन लागलेलं असतं, काय लागलंय ते बघून जा.

बस

धारवाडला बेळगावच्या सीबीटीवरनं (मुख्य बसस्टँड) गाड्याच गाड्या. बायकांनी आधार कार्ड विसरू नका, शक्ती योजनेत (जून २०२३ पासून) साध्या गाड्यांत तिकीट फुकट, पण कर्नाटकातला पत्ता दाखवायला लागतो. कोल्हापूरला जाताना मात्र एक खुबी आहे. डायरेक्ट आंतरराज्य गाडीला शक्ती चालत नाही. म्हणून निपाणीपर्यंत आपल्या गाडीनं फुकट जायचं, तिथं उतरून महाराष्ट्राची लाल गाडी पकडायची, त्यात महाराष्ट्राच्या हद्दीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. वेळ थोडा जातो, पण निपाणी स्टँडवर चहा होतो. पुरुषांनी सरळ डायरेक्ट गाडीत बसावं, उगीच आमच्याबरोबर निपाणीला उतरून तक्रार करू नये. रेल्वेनं कोल्हापूर म्हणाल तर मिरजेवरनं वळसा पडतो, मी नाही जात.

गेटवर

घाबरायचं काही नाही. रजिस्टरमधे नाव, गाव, वेळ लिहायची. "कशासाठी आलाय" ह्या रकान्यात "बघायला" असं लिहिलं तरी चालतं, मी कायम तेच लिहिते. धारवाडला मराठीत विचारलं तरी बरेचजण समजून घेतात, पण आपलं मोडकंतोडकं कन्नड काढलं की माणूस उठून दारापर्यंत सोडायला येतो. "वस्तुसंग्रहालय यल्लि अदरी?" (कुठं आहे हो?) एवढं पुरे. शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, बोनस. पिशवी आणि पाण्याची बाटली बाहेर ठेवायला लागते. वहीत लिहायला पेन्सिल न्या, पेन नको, बऱ्याच ठिकाणी शाईचं पेन चालत नाही आणि ते बरोबरच आहे, एक थेंब उडाला म्हणजे संपलं.

आत गेल्यावर

इथं बहुतेक लोक चुकतात, मीही चुकले. आपण पैसे वसूल करायला आल्यासारखं पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत सगळं बघत सुटतो, प्रत्येक वस्तूला दहा सेकंद, आणि बाहेर आल्यावर काय बघितलं विचारलं तर "मूर्त्या होत्या" एवढंच सांगता येतं. असं नका करू. आधी एक चक्कर नुसती मारा, काहीच वाचू नका, दहा-पंधरा मिनिटांत संपवा. त्या चक्करमधे जिथं पाय आपोआप थांबला अशा तीन वस्तू मनात धरा. मग परत जाऊन फक्त त्या तीनच बघा, प्रत्येकीला निदान दहा मिनिटं. बाकीच्या पुढच्या वेळी, त्या कुठं पळून जात नाहीत.

उदाहरण म्हणून वीरगळ घ्या, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. धारवाडकडं हमखास भेटतो, आणि आपल्या खेड्यापाड्यांतही देवळाबाहेर तिरका होऊन पडलेला असतो, लोक त्यावर पाय ठेवून चप्पल काढतात. शब्दच मुळात कन्नड, वीर आणि कल्लु म्हणजे दगड. हा दगड वरून खाली बघायचा नाही, खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, हातात ढालतलवार घेतलेला माणूस. बाजूला गाई कोरलेल्या असल्या तर समजायचं हा जनावरं पळवणाऱ्यांशी लढताना मेला. मधल्या चौकटीत तोच माणूस, पण आता दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला वर घेऊन चालल्यात, कधी हातात चवऱ्या. त्याच्या वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय, शेजारी पुजारी. जैनाचा असला तर लिंगाऐवजी जिनमूर्ती. आणि अगदी टोकाला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ह्याचं नाव राहील. चौकटींच्या मधल्या पट्ट्यांवर अक्षरं असतात, ती जुन्या कन्नडमधली, वाचता नाही आली तरी हरकत नाही, बोट न लावता नुसती बघा किती सरळ ओळीत कोरलीत. एकदा हे कळलं की पुढचा प्रत्येक वीरगळ तुम्हाला वाचता येतो, मग त्यातले फरक दिसायला लागतात, ह्याचा घोडा नीट जमलाय, त्याच्या कारागिराला अप्सरांना जागाच पुरली नाही म्हणून त्या चेपून बसवल्यात. मला एकदा असली चेपलेली अप्सरा दिसली आणि मी एकटीच हसत बसले, गार्ड येऊन बघून गेला काय झालं म्हणून.

शेजारीच बहुतेक सतीशिळाही असते, तिच्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. तिथं नाही हसू येत.

चित्रं असतील तर

आधी लांबनं, म्हणजे चित्र पूर्ण एका नजरेत मावेल इतकं लांब. मग जवळ, हात मागे बांधून, हे गमतीनं नाही म्हणत, खरंच मागे बांधा, आपला हात नकळत पुढं जातो. मग बाजूनं तिरकं बघा, ऑइल असेल तर रंगाचे उंचवटे दिसतात, ब्रश कुठून कुठं गेला ते कळतं. वॉटरकलर असेल तर पांढरा भाग शोधा. चांगल्या वॉटरकलरमधे पांढरा बहुतेक रंगवलेला नसतो, तो कोरा कागद सोडलेला असतो, पाण्यावरचा उजेड म्हणजे चित्रकारानं जिथं हात लावला नाही ती जागा. हे मला कळलं तेव्हा मी घरी येऊन भिंतीवरचं सगळं परत बघितलं.

पाटी सगळ्यात शेवटी वाचा. आधी वाचली की आपण चित्र बघत नाही, पाटीवर लिहिलंय तेच चित्रात शोधत बसतो. पाटीवर नाव, साल, माध्यम आणि साइज असते, साइजमधे आधी उंची मग रुंदी. खाली कोपऱ्यात एखादा नंबर असतो, तो त्या वस्तूचा नोंदणी नंबर, तो वहीत लिहून घ्या. पुढं कधी कुणाला काही विचारायचं झालं तर "ते निळं चित्र" म्हणून कुणाला सापडत नाही, नंबर सांगितला तर सापडतं.

लाइट एवढा कमी का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो, माझ्या मावशीनं तर "बिल भरलं नाही वाटतं" असं मोठ्यानं विचारलेलं. कारण असं की कागदावरचं काम उजेडानं विटतं आणि विटलेलं परत येत नाही. म्हणून वॉटरकलर, ड्रॉइंग, जुने कागद ह्यांना साधारण ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) एवढाच उजेड देतात, ऑइलला २०० च्या आसपास. बाहेर कडक उन्हात हा आकडा एक लाखापर्यंत जातो, म्हणून आत शिरल्यावर आपल्याला अंधार वाटतो, दोन-तीन मिनिटं थांबा, डोळे बसतात. कागदाची चित्रं काही महिने लावली की परत अंधारात ठेवतात तीही त्याचमुळं, आणि म्हणूनच प्रदर्शनं बदलत राहतात. सीझन म्हणतात त्याचं निम्मं कारण हेच. त्यामुळं एखादं कागदाचं चित्र आवडलं तर "पुढच्या वर्षी परत येऊ" म्हणू नका, ते तोवर कपाटात गेलेलं असेल. फोटोला परवानगी असेल तर फ्लॅश बंद, आणि फोटो शेवटी काढा.

कार्यक्रमांचं

उद्घाटनाला जायचं तर माणसं बघायला जा, चित्रं बघायला नको. दिवा, गुच्छ, शाल, पाहुण्यांचा परिचय, परिचयाला उत्तर, एकदा तर मी दीड तास भाषणं ऐकली आणि हॉल उघडला तेव्हा माझी परतीची गाडी निघायची वेळ झालेली. चित्रं दुसऱ्या दिवशी दुपारी बघा, तेव्हा बऱ्याचदा चित्रकार एकटाच खुर्चीवर बसलेला असतो आणि कुणी विचारलं तर मनापासून सांगतो. काय विचारायचं कळत नसेल तर "ह्यातलं कुठलं चित्र पूर्ण व्हायला सगळ्यात जास्त त्रास झाला?" असं विचारा. "ह्याचा अर्थ काय" असं विचारू नका, माणूस दमतो.

पण एक कार्यक्रम काही झालं तरी चुकवू नका, तो म्हणजे पोर्ट्रेट डेमो, पेपरात "व्यक्तिचित्रणाचे प्रात्यक्षिक" असं येतं. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात ह्याची चांगली परंपरा आहे. एक माणूस खुर्चीवर बसवतात आणि चित्रकार सगळ्यांसमोर दोन-तीन तासांत त्याचा चेहरा उतरवतो. जागा कुठली धरायची ते सांगते: समोर पहिल्या रांगेत नाही, तिथनं फक्त ईझलची, म्हणजे कॅनव्हास ठेवायच्या स्टँडची, मागची बाजू दिसते. चित्रकाराच्या मागे, जरा एका बाजूला बसा, म्हणजे बसलेला माणूस, कॅनव्हास आणि पॅलेट तिन्ही एका वेळी दिसतात. आणि पहिला अर्धा तास उठू नका. त्या वेळात चेहरा नसतोच, नुसते गढूळ ठिपके असतात, कपाळावर हिरवट, हनुवटीखाली जांभळट, आपल्याला वाटतं बिघडलं सगळं. मग कधीतरी तो नाकाच्या शेंड्यावर एक उजेडाचा ठिपका ठेवतो आणि माणूस तिथं बसलेला दिसायला लागतो. मी हे चार-पाच वेळा बघितलंय आणि प्रत्येक वेळी तो क्षण नेमका कुठला ते पकडायचं ठरवते, आणि त्याच वेळी शेजारची कुणीतरी वेफर्स पुढं करते.

वर्कशॉप असेल तर आधी नाव नोंदवायला लागतं आणि सामान आपलं आपण न्यायचं की ते देणार हे विचारून घ्या. स्लाइड लेक्चर कन्नडमधे असलं तरी बसा, स्लाइड काही कन्नडमधे नसतात.

लहान मुलं नेत असाल तर पाऊण तासाच्या वर आशा धरू नका, त्यांना एकच काम द्या, सगळ्या दगडांत मिळून हत्ती किती ते मोज. म्हाताऱ्या माणसांसाठी फोनवरच विचारा की पायऱ्या किती आणि बसायला बाक आहे का.

परत यायची गाडी आधी बघून ठेवा. कोल्हापूरहून निपाणीमार्गे तुकड्या-तुकड्यानं येणार असाल तर संध्याकाळी पाचच्या आत निघा, अंधार पडल्यावर निपाणी स्टँडवर गाडीची वाट बघत बसायला लागलं तर सकाळची वाचवलेली तिकिटाची मजा जाते. गाडीत बसल्यावर, झोप यायच्या आधी, त्या तीन वस्तू वहीत डोळे मिटून आठवून काढा, चित्र जमत नसेल तर नुसत्या चौकटी. घरी जाऊन करू म्हटलं की घरी कुकर लावायचा असतो.

येत्या गुरुवारी मी त्या पोरीला घेऊन धारवाडला चाललेय. तिला सांगितलंय आधार घे, पेन्सिल घे. ती विचारतेय वाटेत कित्तूरला उतरून किल्ला बघायचा का, मी म्हटलं एका दिवसात एकच, तर म्हणाली मग पेढे तरी घ्यायचे ना.